बिनआवाजाचा झोत

व्याही आले त्या दिवशी मी त्यांना आणायला विमानतळावर गेलो नाही. गुडघे दुखतायत म्हणून सांगितलं. गुडघे दुखत नव्हते. जायचं नव्हतं, म्हणून गेलो नाही. बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून खाली टॅक्सी थांबलेली पाहिली. मुलानं डिकीतून त्यांची बॅग उचलली आणि काहीतरी बोलून हसला. मी आलो तेव्हा माझीही बॅग त्यानंच उचलली होती, पण असा हसला नव्हता. त्याची आई जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते, हसणार कुठून, हे मला कळतं. तरी मी ते मनात धरलं.

मुलगा इथं परदेशात एका विद्यापीठात संशोधनाच्या कामाला आहे. सून चांगी बिझनेस पार्कात एका बँकेचं कॉम्प्युटरचं काम बघते. घर शहराच्या एका टोकाला, तिचं ऑफिस दुसऱ्या टोकाला, त्यामुळे ती सकाळी लवकर जाते आणि संध्याकाळी उशिरा येते. मी पाचवीपर्यंत शिकलो. कराडजवळ हमरस्त्याला माझं पंक्चरचं दुकान होतं. कॉम्प्रेसर, पाण्याची टाकी, टायरांचा ढीग आणि मी. हवा भरण्यात जन्म गेला. बायको गेल्यावर मुलगा म्हणाला, आप्पा, एकटे राहू नका, चला माझ्याबरोबर. आलो.

इथं मला दिवसभर काही काम नसायचं. पण संध्याकाळ माझी होती. मुलगा घरी आला की हातपाय धुऊन जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा आणि मी शेजारच्या खुर्चीत जाऊन बसायचो. तो म्हणायचा, "आप्पा, बघा, आज कुठवर आलं." मी बघायचो.

तो जे करतो ते मला कळलं तसं सांगतो. मोठ्या दाबाखाली कोंडलेला गॅस बारीक तोंडातून बाहेर सुटला तर काय होतं, ते तो कॉम्प्युटरवर घडवून बघतो. टाकी फुटली, पाइपला भोक पडलं, तर गॅसचा झोत किती लांब जाईल, माणसानं किती दूर उभं राहावं, हे आधी कळावं म्हणून. खराखुरा गॅस कुठंच नसतो. नळकांडं नसतं, टाकी नसते. नुसते आकडे. तो सगळ्या जागेची एक जाळी करतो, कोळ्याच्या जाळ्यासारखी, आणि जाळीच्या एकेका घरात दाब किती, वेग किती, गरम किती, हे कॉम्प्युटर मोजत बसतो. मोजायचं कामही या लॅपटॉपवर होत नाही. विद्यापीठात कुठंतरी थंडगार खोलीत मोठी मशिनं आहेत, ती दिवसरात्र चालतात. इथं नुसतं चित्र येतं. लाल, पिवळं, निळं. तोंडातून झोत बाहेर पडतो, पिंपासारखा फुगतो, मग एकदम एक उभी रेघ, आणि पुढं पुन्हा फुगतो, पुन्हा आवळतो. दिसायला देखणं असतं, खोटं कशाला बोलू.

एकच गोष्ट मला पहिल्यापासून खटकायची. तो म्हणायचा, हा झोत आवाजापेक्षा जास्त वेगानं पळतो. आणि लॅपटॉपमधून चूं की चां नाही. माझा कॉम्प्रेसर सुटला की शेजारच्या ढाब्यातली माणसं कानावर हात ठेवायची. मी म्हटलं, "बाबा रे, बिनआवाजाची हवा म्हणजे मेलेली हवा." तो हसला. तरी मला बरं वाटायचं. मला वाटायचं, बापानं हवेवर पोट भरलं आणि पोरगाही हवेचंच काम करतोय. दुकान पुढं चाललंय म्हणायचं.

बायको होती तेव्हा यातलं काहीच माझ्या वाट्याला आलेलं नव्हतं. पोराचा फोन यायचा तो तिला. मी गिऱ्हाइकाच्या चाकापाशी वाकलेला, आणि आतून तिचं चालू, "आज भडकलं का रे? मग पुन्हा पहिल्यापासून?" भडकलं म्हणजे काय तर आकडे हाताबाहेर जाऊन सगळं मोजणं कोसळणं. ती मुळात दुसरीतून शाळा सोडलेली. पण पोरानं तिला सगळं सांगितलेलं, आणि तिनं लक्षात ठेवलेलं. शेवटी फोन माझ्याकडे यायचा. "जेवलास का?" "हो आप्पा." "बरं ठेव." झालं. मी तिच्यावर जळायचो. ती गेली तेव्हा मी रडलो, अजून रडतो, आंघोळीला गेलो की नळ सोडून रडतो. पण हेही खरं आहे की आता पोरगा मला सांगेल, हा विचार तिच्या तेराव्याच्या आतच माझ्या डोक्यात आला होता. माणूस असंच असतं.

तर अशा माझ्या संध्याकाळी व्याही आले. पुण्याचे, तिथल्या एका पॉलिटेक्निकमध्ये जन्मभर शिकवून निवृत्त झालेले. आवाज मऊ, शर्टाला घरातसुद्धा इस्त्री. पहिल्याच संध्याकाळी मी संडासातून बाहेर येईपर्यंत ते माझ्या खुर्चीत बसलेले होते. त्यांना काय माहीत ती माझी खुर्ची. खुर्चीवर काय नाव लिहिलेलं असतं? मी सोफ्यावर बसलो. तिथून लॅपटॉपची पाठ दिसते.

व्याही चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "तोंडापाशी जाळी किती बारीक ठेवलीयत?"

मुलगा ताडकन सरळ बसला. "बाबा, तोच तर प्रॉब्लेम आहे!" आणि सुरू झाला. तो त्यांना बाबा म्हणतो. मला आप्पा म्हणतो. सुनेचं ऐकून लागलेली सवय आहे, त्यात वावगं काही नाही. पण सोफ्यावर बसून ते बाबा, बाबा मी मोजत होतो. दोघं इंग्रजीत शिरले, मराठीत आले, परत इंग्रजीत गेले. मुलगा म्हणत होता एक, व्याही म्हणत होते, "छे छे, तसं नाही." मुलगा म्हणाला, "नाही बाबा, पटत नाही मला." भांडल्यासारखे बोलत होते आणि दोघांचे चेहरे फुललेले.

तो जाळीचा प्रश्न मी पाठ करून ठेवला. दुसऱ्या दिवशी मुलगा चपला काढत होता तेवढ्यात मी विचारलं, "काय रे, जाळी किती बारीक ठेवलीस?"

तो म्हणाला, "कसली जाळी आप्पा? खिडकीची?"

व्याही हसले नाहीत. हसले असते तर परवडलं असतं. त्यांनी मान खाली घालून पेपर वाचायला घेतला, आणि तो पेपर चिनी होता.

त्याच्या पुढची गोष्ट आणखी दोन-चार दिवसांनी घडली, आणि खरं नासलं ते तिथं. तिघं टेबलापाशी होतो, मी मुद्दाम आधीच जाऊन बसलो होतो. चित्र आलं. मी माझं नेहमीचं बोललो, "भोक बारीक कर अजून. भोक जितकं बारीक तितका हवेला जोर. कितीही वाढतो." हे मी आल्यापासून त्याला सांगत होतो आणि तो दर वेळी "हो आप्पा" म्हणायचा.

व्याही अगदी सहज म्हणाले, "नाही व्याहीबुवा, तसं होत नाही. दाब एका मर्यादेच्या वर गेला की तोंडाशी वेग अडतो. आवाजाचा जेवढा वेग तेवढाच, त्याच्या पुढं तिथं जात नाही. मग भोक बारीक करा नाहीतर दाब वाढवा. बाहेर पडल्यावर गॅस फुगतो आणि तेव्हा तो आवाजाच्या पुढं जातो. हो ना?" शेवटचं मुलाला.

मुलगा म्हणाला, "हो, बरोबर आहे."

मी मुलाकडं बघितलं. "मग तू मला हो हो म्हणत होतास ते?"

"आप्पा, तुम्ही ढोबळ म्हणत होता, म्हटलं राहू दे."

राहू दे. म्हणजे मी बसायचो, बोलायचो, आणि तो लहान पोराला हूं हूं करावं तसं मला करत होता. व्याह्यांना तो तोंडावर "पटत नाही" म्हणतो. मला "हो आप्पा." माणूस ज्याला मोजतो त्याच्याशीच वाद घालतो. माझं चुकलं याचं मला काही वाटलं नाही, माझं शिक्षण काय ते मला माहीत आहे. मी मोजण्यात नव्हतो, ते लागलं.

त्याच संध्याकाळी जेवायला बसलो. सून थकून आली होती, तरी तिनं बापासाठी वरणफळं केली होती. व्याह्यांनी पहिला घास घेतला आणि मी म्हटलं, "आमच्याकडं मुलीचा बाप मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसे. नातवंड होईपर्यंत तर नाहीच. आता काय, सगळं बदललं."

 

व्याही घास गिळून म्हणाले, "खरं आहे. आमचे वडीलही माझ्या बहिणीकडे जेवत नसत." ताटातलं सगळं नीट संपवलं, टाकलं काही नाही. दुसऱ्या दिवशी सुनेला म्हणाले, "बाळ, खालच्या हॉकर सेंटरमधला डोसा मला फार आवडला. मी संध्याकाळी तिथंच खात जाईन." सकाळी चहासुद्धा तिकडंच, त्या खाण्याच्या गाळ्यांत. घरात ते पाणी पीत ते बाहेरून आणलेल्या बाटलीतलं. एक शब्द वाकडा बोलले नाहीत. पुण्याची माणसं राग असा इस्त्री करून घडी घालून ठेवतात.

आणि मुलगा काय करणार? म्हातारा पाहुणा एकटा खाली बसून जेवणार आणि हा वर? ऑफिसातून आला की तोही थेट खाली जायला लागला. लॅपटॉप घेऊन. मी त्या माणसाला टेबलावरून उठवायला गेलो आणि माझ्या पोराला घेऊन तो गेला. माझं मी केलं. आता टेबल माझं, चारी खुर्च्या माझ्या, आणि समोर कोणी नाही.

सून घरी आली की मला वाढायची आणि स्वतःचं ताट घेऊन खोलीत जायची. दोन-तीन दिवस पाहिलं, मग मी विचारलं, "तू का गप्प? मी बोललो ते तुझ्या वडलांना."

ती भांडी ठेवत होती. वळून म्हणाली, "नाही आप्पा. तुम्ही बाबांना नाही बोललात, मला बोललात. नातवंड नाही, म्हणून पाणी नाही. हिशोब असाच आहे ना त्या रिवाजाचा? डॉक्टरांकडे आम्ही किती खेटे घालतो ते तुम्हाला माहीत नाही. सांगितलं नाही, कारण आईंना सांगितलं होतं आणि त्या गेल्या."

पुन्हा तीच. हेही तिला माहीत होतं. मला कोणी काही सांगत नाही आणि मग मी काही बोललो की लागतं. मी म्हटलं, "मला सांगितलं असतंस तर बोललो नसतो."

"तुम्हाला सांगायची भीती वाटते," ती म्हणाली. "तुम्ही फाडकन बोलता." आणि ताट घेऊन गेली.

त्या आठवड्याच्या शेवटी मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. बऱ्याच दिवसांनी. मला वाटलं चित्र दाखवतोय. तो म्हणाला, "आप्पा, तुमचा इथं राहायचा पास संपत आलाय. पुढं वाढवायचा प्रयत्न करता येईल. पण तुम्हाला करमतंय का इथं? गावी बरं वाटणार असेल तर तसं सांगा. जबरदस्ती नाही."

जबरदस्ती नाही. मी त्याच्या हाताकडं बघत होतो. तो नखं खात होता, लहानपणी खायचा तशी. मला कळलं की हा मला विचारत नाहीये, वाट करून देतोय. गावी काय आहे? बंद शटर आणि तिची कपडे वाळत घालायची दोरी. मी म्हटलं, "सांगतो." 

दुसऱ्या संध्याकाळी मी खाली गेलो. हॉकर सेंटर आमच्या ब्लॉकपासून लांब नाही, पण मी कधी एकटा गेलेलो नव्हतो, मला तिथल्या वासानं कसंतरी होतं. दोघं कोपऱ्यातल्या गोल टेबलाशी होते. डोशाच्या रिकाम्या ताटल्या बाजूला सारलेल्या, मध्ये लॅपटॉप. मी चहाकॉफीच्या गाळ्याच्या खांबाआड उभा राहिलो. चोरासारखा, हो. मुलगा बोट नाचवत काहीतरी सांगत होता. मग त्यानं कपाळावर हात मारला आणि व्याह्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. झोताचं मोजणं परत कोसळलं असणार. माझ्या पोराची पाठ मी शेवटची कधी थोपटली ते मला आठवेना. त्या वेळी त्या माणसाचा हात उचलून बाजूला ठेवावा असं मला वाटलं, खरंच वाटलं.

चहावाली चिनी बाई मला बघून ओरडली, "अंकल! युअर ब्रदर देअर लाह! गो, सिट!" आणि बोट दाखवलं. आम्ही दोघं टकले, दोघं काळसर, दोघांच्या पायात चामड्याच्या चपला. तिला भाऊच वाटणार. त्या दोघांनी मान वर केली. आता पळायला जागा नव्हती.

मी जाऊन बसलो. मुलगा लॅपटॉप मिटायला लागला. मी म्हटलं, "असू दे उघडा." मग व्याह्यांकडं वळून म्हटलं, "उद्या घरी जेवायचं. मी करणार. अख्खा मसूर. आमच्या कराडकडचा."

व्याही म्हणाले, "व्याहीबुवा, रिवाज तुम्हीच सांगितलात. मी पाळतोय."

"रिवाज मुलीच्या घरचा आहे," मी म्हटलं. "मुलाचा बाप आपल्या मुलाच्या घरी व्याह्याला जेवायला बोलावतो, त्यात काही आडवं येत नाही. उलट नाही म्हणणं हाच अपमान. माझ्या वडलांनीही माझ्या सासऱ्यांना असंच बोलावून जेवू घातलं होतं."

व्याही चष्मा पुसायला लागले. हसू दाबत होते. "अहो, मग हे तुम्हाला पहिल्या दिवशी नाही का सुचलं?"

मी म्हटलं, "सुचलं होतं."

आता मुलगा भडकला. ताडकन उभाच राहिला. "सुचलं होतं? आप्पा, सुचलं होतं म्हणजे? ही रोज रडतेय, बाबा रोज बाहेरचं तेलकट खातायत, पोट बिघडलंय त्यांचं, आणि तुम्हाला माहीत होतं काय करायचं ते? का केलंत असं? चूक आहे तुमचं! साफ चूक!" आजूबाजूची माणसं बघायला लागली. चहावाली बाई फडका हातात धरून थांबली.

मी म्हटलं, "तू रोज यांच्याशी बोलतोस म्हणून केलं."

"बोलतो, कारण त्यांना त्यातलं कळतं!"

"मला नाही कळत. तरी बोल. असं बोल, आत्ता बोलतोयस तसं. चूक असलं तर चूक म्हण. हो आप्पा, हो आप्पा नको."

तो खाली बसला.  व्याही उठून चहा आणायला गेले, आणि आणायला लागतो त्याच्यापेक्षा खूप जास्त वेळ लावून आले. त्या वेळात मुलगा फक्त एवढंच म्हणाला, "आई असती तर तिनं तुम्हाला सरळ केलं असतं." मी म्हटलं, "हो. पण ती नाही. तू कर."

घरी गेल्यावर सुनेला कळलं. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मुलाच्या घरी बोलावलंत म्हणे. हे घर नुसतं तुमच्या मुलाचं? माझं नाही?"

ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी म्हटलं, "मग तू बोलाव."

तिनं बापाकडं वळून सरळ सांगितलं, "बाबा, उद्या माझ्या घरी जेवायचं. रिवाज गेला खड्ड्यात." व्याही माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "माझ्याकडं काय बघता? तुमच्या मुलीनं बोलावलंय."

दुसऱ्या दिवशी मी लिटिल इंडियात जाऊन मसूर, खोबरं आणि कांदा-लसूण मसाला घेऊन आलो. मसाला आमच्याकडचा नाही मिळाला, जो मिळाला तो घेतला. अख्खा मसूर ढाब्यावर बघून शिकलेला, घरी कधी करायची वेळ आली नव्हती. थोडा करपला. व्याह्यांनी दोनदा मागून घेतला, पुण्याच्या माणसाला एवढं तिखट झेपत नाही, नाक पुसत पुसत खाल्ला. सून आपल्या बापाच्या ताटाकडं बघत होती, तिचं स्वतःचं जेवण तसंच राहिलं होतं. मी तिला म्हटलं, "जेव." ती म्हणाली, "जेवतेय आप्पा." त्यात राग नव्हता. माया होती असंही म्हणणार नाही.

जेवण झाल्यावर मुलानं लॅपटॉप उघडला. बोलला तो व्याह्यांशीच. जाळी, दाब, ती उभी रेघ जागची हलतेय म्हणून काहीतरी. मी मध्येच म्हटलं, "रेघ हलते कारण तुझी हवा गळतेय कुठंतरी."

तो मान न वळवता म्हणाला, "चूक, आप्पा. हवाच नाहीये, गळेल कुठून?" आणि मग का हलते ते सांगितलं. मला कळलं नाही. पण मला सांगितलं.

झोपायला जाताना तो म्हणाला, "पासाचं उद्या बघतो. राहायचंय ना?"

मी म्हटलं, "राहायचंय."

व्याही पुढच्या आठवड्यात पुण्याला जातायत. गेले तरी झोत कोसळला की पोरगा त्यांनाच फोन करणार, मला माहीत आहे. तासन्‌तास बोलणार, हसणार, बाबा बाबा करणार, आणि मी सोफ्यावर बसून ऐकणार आणि जळणार. जळेन. ते तिकडं असतील. मी इथं असेन.